वय अंदाजे तीन ते पाच

आम्ही कुत्र्याचं पिल्लू आणायला निघालो होतो. हे आधीच कबूल केलेलं बरं, कारण आमच्या घरी येणाऱ्यांना वाटतं की आम्ही भूतदयेनं भारावून थेट बेवारस कुत्र्यांच्या निवाऱ्याच्या दारात जाऊन उभे राहिलो. तसं काही नव्हतं. लेकीला सोनेरी केसांचं, चालताना मागून लडबडणारं पिल्लू हवं होतं. मलाही तेच हवं होतं. नवऱ्याला काहीच नको होतं, पण आम्हा दोघींपुढे त्याचं फारसं चालत नाही. टोपली आणली होती, तिच्यात मऊ चादर घातली होती, नावावरून दोन भांडणंही होऊन गेली होती.

पिल्लं विकणाऱ्या माणसाकडे गेलो तेव्हा एका स्वच्छ खोलीत, जाळीच्या कुंपणात पाच पिल्लं एकमेकांवर पडून झोपली होती. इतकी गोड, की माणसाची अक्कल पहिल्या मिनिटालाच गहाण पडते. मी सहज विचारलं, "आई कुठंय यांची?" फार काही कळत होतं म्हणून नव्हे. कुणाचं तान्हं बाळ पाहिलं की आपण बाळंतिणीची चौकशी करतो, तसंच. तो म्हणाला, "ती दुसऱ्या जागी असते." कुठल्या, ते सांगेना. बघायला मिळेल का, तर नाही. पिल्लं किती दिवसांची, तर आठ आठवड्यांची. त्यांच्याकडे बघून मला ते पटेना.

गाडीत लेक रडत होती. मी रागावले होते, पण नेमकी कशावर ते कळत नव्हतं. ते रात्री वाचत बसल्यावर कळलं. इंग्लंडमध्ये २०२० साली लागू झालेला एक कायदा 'लूसीज लॉ' या नावानं ओळखला जातो. लूसी ही कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनिएल जातीची मादी. पिल्लांच्या कारखान्यात नुसती विण्यासाठी ठेवलेली होती, २०१३ मध्ये तिची सुटका झाली. पाठीचा कणा वाकलेला, केस झडलेले. या कायद्यानं मधल्या दलालांना सहा महिन्यांखालचं पिल्लू विकायला बंदी केली. पिल्लू घ्यायचं तर ते वाढवणाऱ्याकडे जाऊन, आईजवळ असताना पाहून घ्यायचं, नाहीतर निवाऱ्यातून आणायचं. म्हणजे माझा तो बाळबोध प्रश्नच खरा प्रश्न होता. आई दाखवणारे, तिच्या कंबरेच्या सांध्यांचे अहवाल पुढ्यात ठेवणारे, आणि 'तुम्हाला जमणार नाही' असं तोंडावर सांगणारे लोकही असतात, हे मला मान्य आहे. त्यांच्याकडून पिल्लू आणणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. आमची गाठ तशाशी पडली नाही, इतकंच.

पण त्या रात्री मी स्वतःला दुसरंच विचारत होते. मला पिल्लूच का हवं होतं? गोड दिसतं म्हणून, हे अर्धं उत्तर. उरलेलं अर्धं असं, की मला कोरी पाटी हवी होती. पहिलं अक्षर मी काढणार. या जिवाला आठवेल त्या सगळ्यात मीच असणार. आपण 'लहानपणापासून वाढवलंय' असं म्हणतो तेव्हा त्यात प्रेम असतं तशी मालकीही असते, आणि ती मालकी बरीच चिवट असते.

गंमत म्हणजे ती पाटी कोरी नसतेच. कुत्र्याचं पिल्लू साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत जग ओळखायला शिकतं. माणूस, मूल, जिना, भांडं पडल्याचा आवाज, सगळं याच दिवसांत 'आपलं' होतं, नाहीतर पुढे त्याची धास्ती बसू शकते. अमेरिकेतल्या मेन राज्यात, बार हार्बरच्या प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अनेक वर्षं पिल्लांचा अभ्यास करून हा काळ मांडला. पिल्लू आठव्या आठवड्यात घरी आणायचं म्हटलं, तरी त्यातला जवळजवळ अर्धा वेळ आपल्या आधीच संपलेला असतो. जोरात चावलं की भाऊ कळवळतो आणि खेळ थांबतो, हे ते आईजवळ, भावंडांत शिकलेलं असतं. किंवा नसतं. बाळाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात, पण पाळणा कुणाच्या घरी होता हे कोण विचारतं?

राहिली जात. "कोणत्या जातीचा?" हा प्रश्न कुत्र्याच्या बाबतीत आपण इतक्या सहज विचारतो, की तोच शब्द इतरत्र उच्चारताना होणारी चुळबुळ इथं कुणालाच होत नाही. जातिवंत म्हणजे प्रेमळ, जातिवंत म्हणजे भरवशाचा, असं मीही धरून चालले होते. २०२२ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. अठरा हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मालकांना वागणुकीबद्दल प्रश्न विचारले होते, दोन हजारांहून जास्त कुत्र्यांचा डीएनए तपासला होता. एका कुत्र्याच्या आणि दुसऱ्याच्या वागण्यात जो फरक असतो, त्यातला जेमतेम ९ टक्के जातीवरून सांगता येतो, असं त्यात निघालं. जात दिसण्याबद्दल पुष्कळ सांगते. तुमच्या घरात येणारा हा एक जीव कसा निघेल, याबद्दल अगदीच थोडं.

मग आम्ही निवाऱ्यात गेलो. तिथल्या गोंगाटाची मला कल्पना नव्हती. एक भुंकला की चाळीस भुंकतात. वास, ओल्या फरश्या, जाळीतून बाहेर आलेली नाकं. लेकीनं माझा हात घट्ट धरला. पिल्लं होती तिथंही, पण त्यांच्यापुढे गर्दी होती, त्यांना घरं मिळणार हे उघड दिसत होतं. शेवटच्या रांगेत एका कोपऱ्यात तपकिरी रंगाची, डावा कान टोकाला फाटलेली एक मादी भिंतीकडे तोंड करून बसली होती. जाळीवर पाटी: 'मादी. वय अंदाजे तीन ते पाच. स्वभाव शांत.'

तिथं काम करणाऱ्या बाई म्हणाल्या, "ते शांत वगैरे आम्ही लिहितो. शांत नाहीये ती, घाबरलेली आहे. ती कशी आहे ते तुम्हाला घरी दोन-तीन महिन्यांनी कळेल." जिथून काहीतरी घेऊन जायचंय त्याच ठिकाणी मालाचे दोष आधी ऐकायला मिळाले, हे मला नवीन होतं. मग त्यांनी आमचीच उलटतपासणी घेतली. घर किती तास रिकामं असतं? फिरवणार कोण? आजारी पडली तर? घरात कुणाला कुत्रं नकोय का? नवऱ्यानं शाळेतल्यासारखा हात वर केला.

"मग तुम्हीच आत जाऊन बसा," बाई म्हणाल्या. "तिच्याकडे पाठ करून. काही बोलू नका, हात पुढे करू नका."

तो बसला. अर्धा तास. आम्ही दोघी बाहेर बाकावर. विसाव्या मिनिटाला ती उठली, पोट जमिनीला घासत चार पावलं आली, त्याच्या बुटाची टाच हुंगली आणि परत जाऊन बसली. या वेळी मात्र तोंड भिंतीकडे नव्हतं. नवरा बाहेर आला तो एक शब्द बोलला नाही. गाडीपाशी आल्यावर म्हणाला, "टोपली लहान पडेल."

'दत्तक' या शब्दात मुळात कुणीतरी देणं आहे. दत्त म्हणजे दिलेलं. हिला कुणी दिलं नव्हतं. ती सापडली होती, एका पावसाळी सकाळी, एका पुलाखाली. मालकाचा माग लागतो का ते बघायला पशुवैद्यांनी मानेवरून स्कॅनर फिरवला, कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप असली तर पंधरा आकडी नंबर दिसतो. काही दिसलं नाही. मग त्यांनी ओठ वर करून दात पाहिले. पिल्लाचं वय दातांवरून बरंच नेमकं सांगता येतं, कारण दुधाचे दात पडून सहा-सात महिन्यांत पक्के येतात. त्यानंतर फक्त झीज आणि किटण, आणि ती कुणी काय चावलं यावर. दगड चावणाऱ्याचे दात दोन वर्षांत म्हातारे होतात. म्हणून 'अंदाजे'.

दातांवरून आठवलं. जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल इथं १९१४ साली खाणीत काम करणाऱ्यांना एक जुनं दफन सापडलं. एक पुरुष, एक स्त्री आणि त्यांच्याबरोबर एक कुत्रं. सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीचं. पुष्कळ वर्षांनी संशोधकांनी त्या कुत्र्याचे दात बारकाईनं पाहिले, तेव्हा दातांवरच्या आवरणात आजाराच्या खुणा दिसल्या. सात महिन्यांचं होऊन मेलेलं ते पोर त्याआधी डिस्टेंपर या कुत्र्यांच्या विषाणूजन्य रोगानं पुन्हा पुन्हा आजारी पडलं होतं, आणि कुणी ऊब दिल्याशिवाय, पाणी पाजल्याशिवाय, अंग पुसल्याशिवाय ते तितके दिवस जगलंच नसतं, असा त्यांचा निष्कर्ष. त्या अवस्थेत ते ना शिकारीच्या कामाचं, ना राखणीच्या. चौदा हजार वर्षांपूर्वीच्या पोराबद्दल दात एवढं सांगतात आणि माझ्यासमोर टेबलावर थरथरणाऱ्या हिच्याबद्दल फक्त 'तीन ते पाच'.

निवाऱ्यातले लोक एक ढोबळ हिशेब सांगतात: तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने. तीन दिवस नुसती धास्ती, तीन आठवड्यांत घराचं वेळापत्रक, तीन महिन्यांत हे घर आपलं असल्याची खात्री. आमच्याकडे तीन दिवसांचेच दहा झाले. ती जेवणाच्या टेबलाखाली राहायची. आम्ही जागे असेपर्यंत खाण्याला तोंड लावायची नाही, सकाळी भांडं चाटूनपुसून लख्ख. झोपायचीही बसल्या बसल्या, मान लटकली की दचकून जागी. आणि डोळ्याला डोळा द्यायची नाही. मला याचं फार लागलं. जपानमधल्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं होतं, की कुत्रा आणि त्याचं माणूस एकमेकांच्या डोळ्यांत बघत राहिले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन हे संप्रेरक वाढतं, आई आणि तान्ह्या बाळात वाढतं तेच. हे वाचून मी टेबलाखाली वाकून तिच्याकडे टक लावून बघायचे! अनोळखी कुत्र्याच्या भाषेत रोखून बघणं म्हणजे दम देणं, ही साधी गोष्ट मला नवऱ्यानं सांगितली. तो रोज तिच्याकडे पाठ करून जमिनीवर पेपर वाचत बसायचा.

याच काळात मी तिचा भूतकाळ लिहायला घेतला. कागदावर नव्हे, लोकांपाशी. ती झाडू पाहिला की लघवी करायची, म्हणून मी सांगायचे, "कुणीतरी झाडूनं मारलेलं असणार हिला." कुणी कमरेचा पट्टा काढताना आवाज झाला की पळायची, म्हणून पट्ट्यानंही मारलेलं असणार. काही आठवड्यांत माझ्याकडे एक दारुडा मालक तयार होता, त्याचं घर तयार होतं, पावसाळ्या रात्री तिला पुलाखाली सोडून जाणारी त्याची गाडीसुद्धा तयार होती. सांगताना माझा आवाज ओला व्हायचा. ऐकणारे म्हणायचे, "किती पुण्याचं काम केलंत." आणि मला, खोटं कशाला बोलू, बरं वाटायचं.

पशुवैद्यांनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "असेलही. किंवा तिनं लहानपणी झाडू पाहिलाच नसेल. चौदा आठवड्यांच्या आत जे दिसलं नाही त्याची भीती आणि ज्यानं मार बसला त्याची भीती, बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. आणि उपायही सारखाच. झाडू लांब आडवा टाका, जवळ खाऊ ठेवा, रोज थोडं जवळ आणा." मारणारा माणूस असा एका वाक्यात नाहीसा झाल्यावर मला जरा चुकल्यासारखंच झालं. झाडूला एकवीस दिवस लागले.

ते दिवस सुखाचे होते असं समजू नका. आम्ही घराबाहेर पडलो की ती दाराची चौकट कुरतडायची. नखं तुटून रक्त येईपर्यंत. शेजारून तक्रारी आल्या. एका रात्री मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले आणि निवाऱ्यातल्या बाईंना निरोप पाठवला, की आम्हाला जमत नाहीये. त्यांचा लगेच फोन आला. त्या रागावल्या नाहीत. परत आणणारे पुष्कळ असतात म्हणाल्या, त्यात लाज नाही, जमत नसताना ठेवून घेण्यापेक्षा ते बरं. मग म्हणाल्या, "उद्या फक्त चप्पल घालून दारापर्यंत जा आणि परत येऊन बसा. वीस वेळा. बाहेर जाऊच नका." दुसऱ्या दिवशी मी वेड्यासारखी चप्पल घालत-काढत होते. पुढे दार उघडून बंद करणं. मग अर्धं मिनिट बाहेर. मग दोन मिनिटं. जाणं म्हणजे परत येणं असतं, हे माझ्यावर विश्वास टाकून तिला पटणार नव्हतं, मोजूनच पटणार होतं. चार महिने लागले. चौकट अजून तशीच आहे, रंग दिला नाही.

एक वाक्य मला आता सहन होत नाही: "अशी कुत्री फार कृतज्ञ असतात हो." माझ्या पाहण्यात तरी नाही. ती ओट्यावरचं पळवते, माझ्या उशीवर झोपते, नको असलेली गोळी खाण्यातून वेगळी काढून फरशीवर व्यवस्थित ठेवते. उपकाराचं ओझं तिच्या चालण्यात कुठं दिसत नाही, आणि दिसलं असतं तर मला ते घरात नको होतं. लेकीला आम्ही जन्मभर 'तुला वाढवलं' म्हणून ऐकवलं तर कसं होईल?

नाव लेकीनं ठेवलं, भिंगरी. जी दहा दिवस टेबलाखालून हलली नव्हती तिचं नाव भिंगरी. माझी आई फोनवर अजूनही 'कुत्री' म्हणत नाही, शिवीसारखं वाटतं म्हणून. "तुमची ती कशी आहे?" विचारते.

आणि मग सातव्या महिन्यात एक गोष्ट झाली. लेकीची मैत्रीण घरी आली होती. बोलता बोलता तिनं सहज एक बोट उभं धरलं, 'थांब, सांगते' म्हणताना आपण धरतो तसं. भिंगरी खोलीच्या दुसऱ्या टोकाला होती. ती उठली, समोर येऊन पाठ ताठ करून बसली आणि उजवा पंजा वर धरला. धरून ठेवला. नजर त्या बोटावर.

आम्ही तिला हे शिकवलं नव्हतं. मैत्रिणीनं बोट खाली घेतलं तेव्हा पंजा खाली आला आणि शेपटी फरशीवर दोनदा आपटली. लेक टाळ्या वाजवायला लागली. मला खुर्चीवर बसावं लागलं. इतके महिने मी मारणाऱ्या माणसाची कहाणी सांगत होते, आणि इथं कुणीतरी वेळ काढून, न मारता, खाऊ देऊन, कौतुक करून तिला हे शिकवलेलं दिसत होतं. मार खाऊन शिकलेला पंजा असा उचलला जात नाही, एवढं मला आता कळत होतं. तिचं कुणीतरी होतं. ते माणूस वारलं असेल, घर सुटलं असेल, पावसात दार उघडं राहिलं असेल. कदाचित अजून शोधत असेल. आम्ही सापडल्याची नोंद केली होती, जाहिरात दिली होती, निवाऱ्यानंही दिली होती. कुणी आलं नाही. मला त्या अज्ञात माणसाची दया यायला हवी होती. आधी आला तो मत्सर.

अटलांटाच्या एमरी विद्यापीठात ग्रेगरी बर्न्स यांनी कुत्र्यांना एमआरआय यंत्रात न हलता पडून राहायला शिकवलं आणि बारा कुत्र्यांना निरनिराळे वास दिले. स्वतःचा, अनोळखी कुत्र्याचा, ओळखीच्या कुत्र्याचा, अनोळखी माणसाचा, घरच्या माणसाचा. ते घरचं माणूस त्या वेळी तिथं हजरही नव्हतं. तरी मेंदूतला सुखाच्या अपेक्षेनं जागा होणारा भाग सगळ्यात जास्त उजळला तो त्याच्या वासानं. हे मी वाचलं तेव्हा माझ्या डोक्यात माझा वास नव्हता.

आता तिला आमच्याकडे तीन वर्षं झाली, म्हणजे ती अंदाजे सहा ते आठ. नाकाभोवती पांढरं दिसायला लागलंय. संध्याकाळी आम्ही फिरायला जातो तेव्हा कधीतरी, महिन्यातून एखाद-दोनदा, एक दुचाकी जाते. एकच अशी नाही, त्या प्रकारची कुठलीही. जुन्या इंजिनाची, मध्येच अडखळून पुन्हा सुरू होणारी. मला तो आवाज ऐकू येण्याच्या बराच आधी भिंगरी थांबते. फाटका कान आणि धड कान दोन्ही उभे. शेपटी अगदी सावकाश, विचारत असल्यासारखी हलते. गाडी समोरून जाते, चालवणाऱ्याचा वारा तिच्या नाकापर्यंत येतो आणि शेपटी थांबते. पहिल्या वेळी मी "चल गं" म्हणून दोरी ओढली होती. आता ओढत नाही. दोरी सैल सोडते आणि आवाज पार विरेपर्यंत तिच्याबरोबर उभी राहते. मग ती स्वतःच वळते. कधी घराकडे, कधी पुढे.